गुरुजींची अखंड

परवा नातीनं बाजारातून नवी बॅटरी आणली. बोटभर लांब, पण उजेड असा की समोरच्या घरातल्यांनी खिडकी लावून घेतली. एकदा दाबलं की उजेड, दुसऱ्यांदा दाबलं की मंद उजेड, आणि तिसऱ्यांदा दाबलं की ती आपली आपणच उघडझाप करत सुटते. नात म्हणाली, "आजी, ह्या चमकण्याचा उपयोग काय गं? डोकं उठतं नुसतं." खोक्यावर बारीक अक्षरात उघडझापीचे पाच उपयोग छापलेले होते. चष्मा लावून वाचले आणि मला चक्क राग आला. पाचच? आमच्या गुरुजींचे दहा होते. शाळेच्या सामानखोलीच्या दारामागे खडूनं लिहून ठेवलेले. आणि अकरावा मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. भीमपूरकडच्या एका गावात मराठी शाळेवर मी रुजू झाले. घरातली पहिली नोकरी करणारी मुलगी, त्यामुळे डोक्यात हवा. आदिलाबादहून बसनं उतरले ती उंच टाचांच्या चपला, डोळ्यांवर काळा गॉगल, खांद्याला पर्स, हातात कापडी छत्री. उन्हाळा नव्हता, पाऊस नव्हता, छत्री कशाला होती ते माझं मलाच माहीत नाही. फाट्यावर एक उंच, काटकुळा माणूस उभा. धोतर, पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला, आणि भर दुपारी बारा वाजता हातात बॅटरी. त्यांनी बॅटरी माझ्याकडे रोखून तीनदा चमकवली आणि म्हणाले, "या बाई. शाळेचा माणूस म्हंजे तीन."

त्याच दिवशी मी भावाला पत्र टाकलं, की मला एका वेड्याच्या हाताखाली दिलंय, बदलीचा अर्ज कसा करतात ते कळव.

गाव त्यांना बॅटरी गुरुजी म्हणायचं, तोंडावरसुद्धा. पाचवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक सामानखोली, आणि शिक्षक आम्ही दोघंच. बॅटरी पत्र्याची, दोन सेलांची. वर सरकवायची कळ, ती सरकवली की उजेड पडून राहतो. कळीच्या टोकाला एक लाल बटण, ते दाबलं तेवढ्यापुरतंच चमकतं. कळ गुरुजींनी दोऱ्यानं बांधून टाकली होती. वापरायचं ते फक्त लाल बटण. त्यानं त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. मी विचारलं, कळ काऊन बांधली? तर म्हणाले, "सरळ उजेडाकडं कोणी पाहात नाई बाई. लोकाईले वाटते असन काईतरी, चाललं असन कोणी. पण उघडझाप झाली का मान वळतेच. माणसाची वळते, डुकराची वळते, बैलाचीबी वळते. बॅटरी पाहाले नसते, दिसाले असते."

मी मान डोलवली आणि मनात म्हणाले, कठीण आहे.

पण माणसाचं सगळं घर त्या बटणावर चालायचं, हे दोनच दिवसांत कळलं. गुरुजींनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची बुढी, म्हणजे त्यांची आई. बुढी ठार बहिरी. शाळेसमोरच त्यांचं घर, मधे फक्त मैदान. गुरुजींना चहा हवा असला की ते शाळेच्या ओसरीतून घराच्या भिंतीवर दोनदा चमकवायचे. बुढी चुलीपाशी असली तरी भिंतीवरचा ठिपका तिला दिसायचा. तिच्याकडेही स्वतःची बॅटरी होती, आणि ती उलट उत्तर द्यायची. एकदा म्हणजे ठेवते. एकदा लांबवर म्हणजे थांब, दूध यायचंय. आणि गुरुजींनी तिसऱ्यांदा चहा मागितला की बुढी दारात येऊन त्यांच्या तोंडावरच सात-आठ वेळा कडाकडा चमकवायची. ती शिवी होती. गुरुजी पोरांकडे वळून गंभीरपणे म्हणायचे, "बुढी रागावून राह्यली. पाठ तीस काढा." मी त्या घरासारखं भांडण दुसरीकडे पाहिलं नाही. आवाज नाही, आदळआपट नाही, नुसता उजेड.

शाळेतही तेच. छडी नव्हती. पोरं गलका करू लागली की गुरुजी फळ्यावर एकदा चमकवायचे, की खोली गप. मी माझ्या वर्गात घसा फोडून फोडून बसवायचे आणि शेजारी हा माणूस अंगठ्यानं चाळीस पोरं गप करायचा. मला ते इतकं झोंबलं की मी आदिलाबादहून स्वतःची बॅटरी मागवली. पोरं खदखदून हसली. बाई सारखं सारखं चमकवतात, त्यांना कोणत्या इशाऱ्याला काय म्हणतात तेच ठाऊक नाही, असं एक मुलगी म्हणाली.

ती मुलगी म्हणजे वंदी. पाचवीतली, दहा वर्षांची, केसांना तेलाचा थेंब नाही आणि तोंडाला लगाम नाही. तिची आई कौसाबाई लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. बाप नव्हता. त्या घरात गेल्यावर जय भीम म्हणून आत बसावं असं मला पहिल्यापासून वाटायचं, कारण माझी आजीही अशीच दुसऱ्यांच्या वावरात वाकून गेलेली. पण मी तेव्हा गॉगलवाली होते. दारातूनच हाजिरीचं बोलून परत यायचे. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते, पण हात पोचत नाही, चाळीस वर्षं झाली.

उघडझापीत दहा दर्जे होते, आणि सगळ्यांत वरचा दर्जा होता 'अखंड'. म्हणजे बटण न थांबता दाबत राहायचं, मोजणी नाही, विराम नाही. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, की अखंड गमतीत करायची नाही. ती माणसाच्या आयुष्यात एकदा. आणि हेही सांगितलं होतं, की बॅटरी ठेवताना मागचा सेल उलटा घालून ठेवायचा, म्हणजे पिशवीत बटण दाबलं गेलं तरी सेल मरत नाही. सेल आदिलाबादेशिवाय मिळत नव्हते. हे सांगत असताना मी जांभई दिली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे त्या जांभईचा हिशेब चुकता झाला.

आठ दिवसांतच माझ्या खोलीत घूस शिरली. दिवेलागणीची वेळ, गावातली वीज नेहमीप्रमाणे गेलेली. मी खाटेवर उभी, घूस खाटेखाली, आणि माझ्या हातात मी मागवलेली नवी बॅटरी. मी खिडकीतून बाहेर रोखली आणि जीव खाऊन बटण दाबत सुटले. पाच मिनिटांत अर्धं गाव दारात. एकाच्या हातात दोर, दोघांच्या खांद्यावर उलटी खाट, एकीच्या हातात मिरची, आणि कौसाबाई कडुनिंबाचा पाला घेऊन धापा टाकत सगळ्यांच्या पुढे. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती मला वरपासून खालपर्यंत चाचपत होती, कुठं चावलं, कुठं चावलं, म्हणून.

मी खाटेवरून सांगितलं, घूस आहे.

खाटवाले खाट सरळ करून तिच्यावर बसले, दमले होते. कौसाबाईनं हातातला पाला खाली टाकला आणि निघून गेली. गुरुजी सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी झाडूच्या दांड्यानं घूस बाहेर काढली, माझ्या हातातून बॅटरी घेतली, मागचा सेल काढून उलटा घातला आणि म्हणाले, "बाई, तुमची एक झाली."

एवढंच. मला वाटलं, काय बाई नाटकी माणूस. भावाला दुसरं पत्र.

पण एक दिवस मात्र मी त्या माणसाला बरीचशी शरण गेले, आणि त्याची खूण माझ्या बोटावर आहे. सामानखोलीला खिडकी नव्हती. गुरुजींनी स्वतःची सायकल आत नेऊन उलटी उभी केली, मागच्या चाकाच्या दोन आऱ्यांमध्ये पांढऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवली. वहीच्या पुठ्ठ्याची गोल चकती कापली, तिला एक चीर पाडली, मधोमध खिळा ठोकून ती बॅटरीसमोर बसवली. त्या दिवशी दोरा सोडून कळ सरकवली होती. तेवढा एकच दिवस. दार लावलं. वंदीनं पायडल गरागरा फिरवलं, गुरुजींनी चकती फिरवली. चिरेतून उजेड थांबून थांबून चाकावर पडू लागला. आधी सगळं भिरभिर. मग गुरुजींनी चकतीचा वेग हळूहळू वाढवत नेला आणि काय सांगू, ती पांढरी पट्टी फिरता फिरता मंद झाली, आणखी मंद झाली, आणि थांबली. चाकाचा घूं घूं आवाज चालू, वारा तोंडावर लागतोय, आणि पट्टी जागच्या जागी. एक एक आरा मोजून घ्यावा. मग ती हळूच उलटी फिरायला लागली. पोरं ओरडायचंही विसरली.

आणि मी, ट्रेनिंग पास झालेली शिक्षिका, थांबलेली पट्टी पाहायला बोट पुढे केलं.

"बाई, नोका," वंदी म्हणाली, "दिसून राह्यलं तसं, पण थांबलं नाई ते."

तोवर आऱ्यानं माझं बोट हाणलं होतं. नख गेलं. नवं आलं ते वाकडंच. गुरुजींनी फडकं बांधता बांधता माझ्याकडे पाहिलंही नाही, ते वंदीकडे पाहत होते. ती अंधारात उभी राहून विचारत होती, "सार, मंग आपल्याले जे थांबलेलं दिसते, ते थांबलंच हाय, हे कसं समजाचं?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर गुरुजी तिला दोन तास जास्त बसवू लागले. सरकारी निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा होती, आदिलाबादेत, माघाच्या थंडीत. लागली तर राहणं, खाणं, पुस्तकं, दहावीपर्यंत सगळं. नाही लागली तर पाचवीनंतर पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आणि कौसाबाईनं सांगूनच टाकलं होतं, की एकटी पोर रोज चालत पाठवणार नाही, वेचणीला माझ्या बरोबर येईल. तिचंही चूक नव्हतं. परीक्षा एकदाच देता यायची. पाचवीत असतानाच.

गणित गुरुजींनी घेतलं, भाषा मी. भाषा मी का घेतली? तर गुरुजींना दाखवायला, की मलाही येतं काहीतरी. पण ती पोर अशी होती की शिकवताना आपणच हुशार झाल्यासारखं वाटायचं. बदलीचा अर्ज पर्सच्या खालच्या कप्प्यात पडून राहिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गुरुजींना हिवताप भरला. तीन गोधड्या घालूनही खाट हलत होती. तरी म्हणत होते, मी येतो, बस मी थांबवतो. खरी अडचण तीच होती. नदीकाठच्या गावी मुक्कामाला जाणारी बस पहाट फुटताना परत निघायची, आणि आमच्या फाट्यावर कोणी दिसलं तरच थांबायची. त्या दिवसांत पैनगंगेवरून असं धुकं चढायचं की आपला हात आपल्याला परका. ड्रायव्हरला माणूस दिसणार कुठून? पुढची बस दहाची, आणि परीक्षा दहाला.

भल्या पहाटे बुढी माझ्या दारात. तिनं माझ्या हातात गुरुजींची बॅटरी ठेवली, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तीनदा मार. पोरगी गेली पायजे."

फाट्यावर आम्ही तिघी. वंदी नवी रिबीन लावून, पाटी आणि लाकडी फूटपट्टी पोटाशी धरून, कौसाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन, आणि मी. टाचांच्या चपला होत्याच. धुकं म्हणजे नुसता कापूस. बसचा आवाज आधी आला, मग दोन पिवळे डाग. मी ऐटीत हात वर केला, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. हातावर आपटली. डाग मोठे होत होते. मी फुंकर मारली, हलवली, कळीचा दोरा ओढला. "ओ, थांबा," असं मी ओरडले म्हणतात, मला आठवत नाही. बस आमच्या अंगावर गार वारा टाकून निघून गेली, आणि मागचा लाल दिवा धुक्यात विरघळला.

मला वाटलं, सेल संपले. माझ्या तोंडून तेच निघालं. वंदी म्हणाली, "नाई बाई. उलटा असन."

ती जांभई. मला ती जांभई जशीच्या तशी आठवली. वंदीनं माझ्या हातातून बॅटरी घेतली, मागचं झाकण फिरवलं, सेल काढला, सुलटा घातला, झाकण लावलं, बटण दाबलं. उजेड. मी तिथंच रडायला लागणार होते, पण पोरीनं वेळच दिला नाही. "बस तलावाचा फेरा घेते," ती म्हणाली, "धुऱ्यानं गेलो तं पुलापाशी सापडते."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. रस्ता तलावाला वळसा घालून पुलावर यायचा, आणि धुरा पऱ्हाटीतून, म्हणजे उभ्या कपाशीतून, सरळ. मी चपला तिथंच सोडल्या. ज्यांना कोणाला नंतर मिळाल्या त्यांनी खुशाल घालाव्यात. पदर खोचला आणि पळाले. आयुष्यात मी तशी परत पळाले नाही, लग्नाच्या मांडवाकडेसुद्धा. दवानं पाय घसरत होते, पऱ्हाट्यांच्या सुकल्या बोंडांनी पोटऱ्या ओरबाडल्या, पदराचा एक तुकडा कोणाच्या तरी वावरात राहिला. पुढे वंदी, मागे कौसाबाई, मधे मी, आणि डाव्या अंगाला, तलावाच्या पलीकडे, बसचे दोन डाग आमच्याबरोबर सरकतायत. ते आमच्या पुढे जाणार हे दिसत होतं.

तीनदा मारायची होती. मी तीनदा मारली. डाग सरकतच राहिले. शाळेचा कोणी माणूस तलावापलीकडे फिरत असेल, असं ड्रायव्हरला वाटलं असणार.

मग मी अखंड सुरू केली. माझी होऊन गेली होती, दुसरी मारायचा मला हक्क नव्हता, आणि मी पळता पळता, पडता पडता, अंगठा दुखून बधिर होईपर्यंत बटण दाबत राहिले. सगळं धुकं चमकत होतं. पांढरं, काळं, पांढरं, काळं. वंदीची रिबीन दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची तेव्हा पुढे गेलेली असायची.

डाग थांबले. पुलावर, अगदी मधोमध.

आम्ही पोचलो तेव्हा कंडक्टर खाली उतरून उभा होता आणि ड्रायव्हर दारात. ड्रायव्हर तेलुगू, त्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं, "एमैंदम्मा?" काय झालं ते. आतल्या बायका खिडक्यांतून डोकी काढून पाहत होत्या, कोणाला आणलंय म्हणून. कंडक्टर इकडचाच. तो म्हणाला, "म्याडम, हे तं जीव जाऊन राह्यल्याचं लाइट व्हय. कोण गेलं?"

माझ्या छातीत दोन शब्दांपुरताच दम होता. मी वंदीकडे बोट केलं आणि म्हणाले, परीक्षा आहे.

कंडक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. तो आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात कौसाबाई पुढे झाली. ती सहसा कोणाशी मान वर करून बोलत नसे.

"मांगच्या खेपेले कोणी थांबलं नाई, भाऊ," ती म्हणाली. "आज थांबले. लय झालं."

कंडक्टरनं मान खाली घातली आणि दार मोठं उघडलं. आतून एक म्हातारी सरकून जागा करत म्हणाली, "मंग उभ्या काऊन हाये तुमी? चढा ना माय."

बसमध्ये कौसाबाईनं मला सांगितलं. मी यायच्या दोन वर्षं आधी वंदीच्या बापाला वावरात साप चावला होता. पहाटेची वेळ होती. गुरुजींनी त्याला खाटेवर घालून फाट्यावर आणलं आणि ही बॅटरी हातात धरून रस्त्यावर उभे राहिले. कळ सरकवून, सरळ उजेड धरून. आधी एक जीप गेली, मग एक ट्रक. दोघांनाही वाटलं, फटफटी उभी आहे. तिसरं वाहन आलं तोवर थांबवण्याची गरज उरली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन गुरुजींनी कळ दोऱ्यानं बांधली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. धुकंच होतं, दुसरं काही नव्हतं. घुशीच्या दिवशी कौसाबाई सगळ्यांच्या पुढे धावत का आली होती, ते मला त्या खिडकीत कळलं. इतके महिने मी ज्या माणसावर पत्रं लिहीत होते, त्याच्या वेडाला एवढं साधं कारण होतं, आणि मी विचारलं नव्हतं. वंदी माझ्या मांडीला रेलून पाढे पुटपुटत होती. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, आणि फूटपट्टी मधोमध मोडली होती. परीक्षेला ती अर्धी पट्टी घेऊन बसली.

संध्याकाळी परत आल्यावर मी गुरुजींसमोर उभी राहिले, अनवाणी. ताप उतरला होता, बुढी त्यांना पेज पाजत होती. मी सगळं सांगितलं. बॅटरी लागली नाही, बस गेली, आणि मी दुसरी अखंड मारली, मरणाची, परीक्षेसाठी. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

त्यांनी पेजेचा चमचा हातानं बाजूला सारला. मग विचारलं, "सेल सुलटा कोणी केला?"

"वंदीनं."

"मंग पास व्हते," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

पण निकाल लागेना. फाल्गुन गेला, चैत्र गेला. वेचणी संपली, वावरं मोकळी झाली. गुरुजी रोज डाकेच्या वेळी ओसरीत. मी म्हणायचे, बसा गुरुजी, येईल. ते म्हणायचे, बसलोच हाये, आणि उभेच. कौसाबाईनं वंदीला निंदणीसाठी छोटं खुरपं करून आणलं होतं. पोर ते घेऊन शाळेत आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, हे तुमच्यापाशी असू द्या. घरी राह्यलं तं आई वापराले देईन." मी ते खुरपं कपाटात कुलूप लावून ठेवलं. दुसरं काय करणार होते?

जूनमध्ये शाळा उघडली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पोस्टमन सायकल लोटत आला. लांब पाकीट, तपकिरी. गुरुजींनी ते फोडलं नाही, माझ्याकडे दिलं. मी फोडलं, वाचलं, आणि कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा शोधला, चष्मा डोळ्यांवरच होता. वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

मग शांतपणे पिशवीतून बॅटरी काढली. मागचं झाकण फिरवलं, सेल सुलटा केला. झेंड्याच्या कट्ट्यावर चढले, आणि भर उन्हात, डोक्यावर सूर्य असताना, बॅटरी आभाळाकडे धरून लाल बटण दाबायला लागले. तीनदा नाही, दोनदा नाही. न मोजता, न थांबता.

त्या उन्हात ते कोणाला दिसणार? मला खाली उभं राहूनही नीट दिसत नव्हतं. रस्त्यावरून बैलगाडी गेली, गाडीवाल्यानं मानसुद्धा वळवली नाही. फक्त समोरच्या घराच्या सावलीतून बुढी बाहेर आली. तिनं लेकाचा हलणारा अंगठा पाहिला असेल, नाहीतर तोंड. ती आत गेली, स्वतःची बॅटरी घेऊन आली आणि दारात उभी राहून तीही बटण दाबायला लागली. तिच्या आवाजानं मात्र गाव जागं झालं. "कौसे," ती ओरडत होती, "अवं कौसे, पोरीले घेऊन ये."

दोघं मायलेक मैदानाच्या दोन टोकांना, आणि मधे कडक ऊन. वंदी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं, पण ती कट्ट्यावर बघत होती आणि तिला सगळं दिसत होतं.

मी पदरानं डोळे पुसले आणि खालून म्हटलं, "गुरुजी, तुमची एक झाली."

"झाली," गुरुजी म्हणाले, आणि बटण काही सोडेनात.